भूगोल आणि अर्थशास्त्र : आधी नकाशा, मग संकल्पना, आकडे सगळ्यात शेवटी

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) संयुक्त पूर्व परीक्षेत शंभर प्रश्नांना साठ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. भूगोल आणि अर्थशास्त्रात मार्क जातात ते बहुतेक वेळा वाचन कमी पडलं म्हणून नाही. तीन-तीन पुस्तकं पालथी घालूनही ‘कुंडलिका सावित्रीच्या उत्तरेला की दक्षिणेला’ इथे पेन थांबतो, कारण नद्या यादीतून पाठ केलेल्या असतात, नकाशातून नाही. अर्थशास्त्रात आकडा बरोबर आठवतो, पण तो कुठल्या वर्षाचा हे आठवत नाही. दोन्ही ठिकाणी क्रम उलटा झालेला असतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. उदाहरणं मुद्दाम ठाणे-नवी मुंबईची घेतली आहेत, कारण रोज ज्या खाडीवरून लोकल जाते तिच्यावरचा प्रश्न चुकला तर जास्त लागतं.

तयारी : काय हाताशी हवं

महाराष्ट्राचे कोरे नकाशे ए-थ्री आकारात आठ प्रती आणि भारताचे चार. ए-फोरवर कोकणची पट्टी बोटभर उरते आणि खाड्यांची नावं एकमेकांवर चढतात. झेरॉक्सवाल्याला मोठं करून द्यायला सांगा, गडद प्रत मागू नका. रेषा फिकट असली की वर पेन्सिल दिसते.

पुस्तकं अशी : बालभारतीची भूगोलाची पुस्तकं, अकरावी-बारावीचं अर्थशास्त्र, आणि बाजारातलं संदर्भ पुस्तक प्रत्येक विषयाला एकच. दुसरं घेतलंत की अर्धा वेळ दोघांतले फरक जुळवण्यात जातो. ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पाच्या सुमारास काढतं आणि ती मराठीत मिळते. आकड्यांसाठी दोनशे पानी वही वेगळी ठेवा. तिच्यात दुसरं काही लिहायचं नाही.

तपासणी : कोऱ्या नकाशावर पालघर वेगळा दिसतोय का? नसेल तर नकाशा 1 ऑगस्ट 2014 च्या आधीचा आहे, 35 जिल्ह्यांचा. फेकून द्या. दुरुस्त करत बसू नका.

टप्पा 1 : पेपर आधी, पुस्तक नंतर

निदान पाच वर्षांचे संयुक्त पूर्वचे पेपर घ्या. सोडवायला नाही, वर्गवारी करायला. भूगोल आणि अर्थशास्त्राच्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहा : न (नकाशा), सं (संकल्पना), आ (आकडा), चा (चालू घडामोडी). एका बैठकीत दोन पेपर होतात.

यातून आयोग काय विचारतो हे तर कळतंच, पण कुठल्या भागावर किती दिवस द्यायचे हेही ठरतं. लोक पंचवार्षिक योजनांवर पंधरा दिवस घालवतात आणि तुटीचे प्रकार एका संध्याकाळी उरकतात. स्वतः केलेली वर्गवारी समोर असली की असं होत नाही.

सावधान : उत्तरं पडताळताना अंतिम उत्तरतालिकाच वापरा. पहिल्या तालिकेवर हरकती येतात, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. खाजगी प्रश्नसंचांत पहिल्या तालिकेची उत्तरं तशीच राहिलेली सापडतात, आणि तुम्ही चुकीचं उत्तर मनापासून पाठ करता.

टप्पा 2 : नकाशा, थरावर थर

सगळ्यात जास्त दिवस इथे द्या. एका नकाशावर एकच थर, आणि थरांचा क्रम हा : जिल्हे आणि प्रशासकीय विभाग, सह्याद्री आणि घाट, नद्या, धरणं, मृदा आणि खनिजं. पिकं आणि लोकसंख्या त्यानंतर. क्रमाला कारण आहे. घाट कुठे आहेत हे माहीत असलं की नद्यांची उगमस्थानं आपोआप जागेवर बसतात, नद्या बसल्या की धरणं. उलट दिशेने गेलात तर जायकवाडी, उजनी, कोयना ही नुसती नावं राहतात.

घाट उत्तरेकडून दक्षिणेकडे लिहा : थळ (कसारा), माळशेज, बोर, वरंधा, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली. प्रत्येकापुढे जोडलेली दोन ठिकाणं : थळ मुंबई-नाशिक, माळशेज कल्याण-अहिल्यानगर, बोर मुंबई-पुणे, वरंधा महाड-भोर, कुंभार्ली चिपळूण-कराड, आंबा रत्नागिरी-कोल्हापूर. ‘जोड्या लावा’ आणि ‘उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रम लावा’ हे दोन्ही प्रकार या एकाच रेघेतून सुटतात.

आता कोकणच्या नद्या. नदी आणि तिची खाडी एकत्र लिहायची, सुटी नाही :

वैतरणा – दातिवरे
उल्हास – वसई
पाताळगंगा आणि अंबा – धरमतर
कुंडलिका – रेवदंडा (रोह्याची खाडी)
सावित्री – बाणकोट
वाशिष्ठी – दाभोळ
शास्त्री – जयगड
कर्ली – कर्ली
तेरेखोल – तेरेखोल

सावित्रीपाशी रायगड संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो, तेरेखोलपाशी महाराष्ट्र संपून गोवा लागतो. या दोन सीमा नकाशावर लाल पेन्सिलीने ओढा.

इथली नेहमीची चूक ठाणेकरच करतात. ठाण्याची खाडी डोळ्यासमोर असल्याने ‘उल्हास कुठे मिळते’ याला ‘ठाणे खाडी’वर खूण होते. उल्हासचा मुख्य प्रवाह घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीत जातो. ठाणे खाडी साष्टी बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधली. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 चं, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत समावेश 2022 चा. राज्यातली आधीची दोन रामसर स्थळं नांदूर मध्यमेश्वर (2019) आणि लोणार (2020). तिन्ही एका ओळीत लिहा. कालानुक्रम विचारला तर पहिलं नांदूर मध्यमेश्वर.

धरणांच्या थरात प्रत्येक धरणापुढे तीन गोष्टी : नदी, जिल्हा, जलाशयाचं नाव. जायकवाडी – गोदावरी – नाथसागर. कोयना – कोयना नदी – शिवसागर. उजनी – भीमा – यशवंतसागर. राधानगरी – भोगावती – लक्ष्मीसागर. कोयनेपाशी थोडं थांबा. नदी पूर्वेकडे वाहणारी, कृष्णेला मिळणारी. पण वीजनिर्मितीसाठी पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरतं आणि शेवटी वाशिष्ठीत जातं. ‘कोयना ही पश्चिमवाहिनी नदी आहे’ असं विधान याच गोंधळावर बेतलेलं असतं. जवळची धरणंही एका कोपऱ्यात टाका : भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात, नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे मात्र रायगडच्या खालापूर तालुक्यात.

तपासणी : चौथ्या दिवशी कोरा नकाशा घेऊन वीस मिनिटांत आठ घाट आणि वरच्या सगळ्या नद्या भरा. तीनपेक्षा जास्त चुका आल्या तर धरणांकडे जाऊ नका.

टप्पा 3 : जिल्हा नक्की कुठला

नवी मुंबईत राहणाऱ्यांना हा टप्पा आवश्यक आहे. ‘नवी मुंबई’ हा जिल्हा नाही, आणि शहर दोन जिल्ह्यांत पसरलंय. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे रायगडमध्ये. त्यामुळे न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर रायगडचं, उरण तालुक्यातलं. नवी मुंबई विमानतळही रायगडमध्ये. कर्नाळा अभयारण्य पनवेल तालुक्यात, म्हणजे तेही रायगड. कोकण रेल्वेचं मुख्यालय बेलापूरला असलं तरी तिचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो, पनवेलपासून नाही.

आजच्या ठाणे जिल्ह्यात सात तालुके : ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर. पालघरमध्ये आठ : पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड.

सावधान : 2011 च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, 1 कोटी 10 लाखांच्या वर. तो अविभाजित ठाणे, पालघरसकट. ‘2011 च्या जनगणनेनुसार’ असं प्रश्नात लिहिलं असेल तर उत्तर अविभाजित जिल्ह्याचं द्यायचं. तालुके विचारले असतील तर आजच्या जिल्ह्याचं. नावांचंही तसंच. जनगणनेच्या तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर सापडतील. वहीत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर लिहा आणि कंसात जुनं नाव ठेवा.

टप्पा 4 : रेखावृत्ताचं गणित

हे दोन तासांचं काम आहे, आणि हातचा मार्क आहे. एका अंशाला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ 82°30' पूर्व रेखावृत्तावरून. ठाणे साधारण 73° पूर्वेला. फरक साडेनऊ अंश, गुणिले चार, म्हणजे 38 मिनिटं. घड्याळात बारा वाजतात तेव्हा ठाण्याची स्थानिक वेळ 11 वाजून 22 मिनिटं. पश्चिमेला असलं की वजा, पूर्वेला असलं की बेरीज. चूक नेहमी या चिन्हात होते, गुणाकारात नाही. सोडवण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात उजवीकडे बाण काढून ‘पूर्व = पुढे’ लिहा.

त्याच बैठकीत कर्कवृत्ताची आठ राज्यं पश्चिमेकडून पूर्वेकडे करून टाका : गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोराम. ओडिशा आणि बिहार यात नाहीत. पर्यायांत बहुतेक वेळा तेच घुसवलेले असतात.

टप्पा 5 : अर्थशास्त्र – आकड्याला हात लावण्याआधी

सुरुवात चालू अर्थसंकल्पातल्या आकड्यांनी करू नका. आधी सूत्रं, आणि ती सोप्या काल्पनिक आकड्यांवर चालवून पाहायची. तुटींसाठी हे उदाहरण वहीत उतरवा :

सरकारचा एकूण खर्च 100. त्यात महसुली खर्च 78, भांडवली 22. महसुली जमा 60. कर्ज सोडून इतर भांडवली जमा 5. व्याजापोटी दिलेले 20, आणि ते महसुली खर्चातच धरलेले आहेत.

महसुली तूट = 78 – 60 = 18
राजकोषीय तूट = 100 – (60 + 5) = 35
प्राथमिक तूट = 35 – 20 = 15

आता आकडे बदलून तीनदा करा. बहुतेकांची चूक राजकोषीय तुटीत होते. कर्जाऊ रक्कमही जमेत धरतात आणि तूट शून्यावर आणतात. राजकोषीय तूट म्हणजेच सरकारला उभं करावं लागणारं कर्ज, मग ते जमेत कसं धरणार? दुसरी चूक प्राथमिक तुटीत : व्याज महसुली तुटीतून वजा करतात. ते राजकोषीय तुटीतूनच वजा होतं.

राष्ट्रीय उत्पन्नाला तीन पायऱ्या पुरतात. ‘देशांतर्गत’वरून ‘राष्ट्रीय’वर जाताना परदेशातून आलेलं निव्वळ घटक उत्पन्न मिळवा. ‘स्थूल’वरून ‘निव्वळ’वर येताना घसारा वजा करा. मूळ किमतीच्या स्थूल मूल्यवर्धनावरून बाजारभावाच्या जीडीपीवर (स्थूल देशांतर्गत उत्पादनावर) जाताना उत्पादनांवरचे कर मिळवून अनुदानं वजा करा. चौथा नियम नाही.

भाववाढीकडे जरा बारकाईने पाहा. निर्देशांक 150 वरून 156 झाला तर वाढ 6 अंकांची, पण दर 4 टक्के. दर 6 टक्क्यांवरून 4 वर आला म्हणजे किमती उतरल्या असं नाही. त्या वाढतायत, फक्त सावकाश. याच वाक्यावर विधानं तयार होतात. घाऊक किंमत निर्देशांकात सेवा नसतात, ग्राहक किंमत निर्देशांकात असतात. घाऊक निर्देशांक वाणिज्य मंत्रालयाकडून येतो, ग्राहक निर्देशांक सांख्यिकी मंत्रालयाकडून. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक मात्र श्रम ब्युरो काढतो. रिझर्व्ह बँकेचं 4 टक्क्यांचं लक्ष्य (वरखाली 2) ग्राहक निर्देशांकावर ठरलेलं आहे, घाऊकवर नाही.

रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर), सीआरआर (रोख राखीव प्रमाण), एसएलआर (वैधानिक रोखता प्रमाण) यांच्यासाठी व्याख्या पाठ करण्यापेक्षा बाणांचा तक्ता करा : दर वाढला की बँकांकडची रोकड कुठे, कर्ज कुठे, मागणी कुठे. सीआरआरची रक्कम रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायची आणि तिच्यावर व्याज मिळत नाही. एसएलआरसाठी रोख, सोनं किंवा सरकारी रोखे बँकेने स्वतःकडे ठेवायचे. एवढा फरक नीट बसला की चार प्रश्नांचं काम होतं.

तपासणी : कुठलाही वर्तमानपत्री मथळा घ्या, उदाहरणार्थ ‘रेपो दरात पाव टक्का कपात’. तुमच्या तक्त्यावरून गृहकर्जाच्या हप्त्यापर्यंत बाण नेऊन दाखवता आला तर पुढे जा.

टप्पा 6 : आकड्यांची वही

प्रत्येक नोंदीला चार रकाने : आकडा, वर्ष, कुणी दिला, अंदाज की अंतिम. चारपैकी एक रिकामा राहत असेल तर नोंद करू नका. हा नियम जाचक वाटतो, पण का लागतो ते तीन नमुन्यांत कळेल.

2011 ची जनगणना. महाराष्ट्राचं लिंग गुणोत्तर तात्पुरत्या आकड्यांत 925, अंतिम 929. साक्षरता तात्पुरती 82.91 टक्के, अंतिम 82.34. जुन्या पुस्तकांत तात्पुरते आकडे आहेत, नव्यांत अंतिम, आणि काही महाभागांनी दोन्ही एकाच पानावर छापलेत. तुम्ही अंतिम धरा.

किनारपट्टी. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत 720 किमी. केंद्राच्या जुन्या तक्त्यात 652.6. नव्या मोजणीत 877.97, आणि देशाची 7516.6 वरून 11,098.81. पर्यायांत यातला कुठला आहे ते पाहून खूण करायची. दोन असतील तर प्रश्नातला ‘नवीन मोजणीनुसार’सारखा शब्द शोधा.

रेपो दर. 2025 या एकाच वर्षात तो फेब्रुवारीत 6.25, एप्रिलमध्ये 6.00, जूनमध्ये 5.50 आणि डिसेंबरमध्ये 5.25 झाला. त्या वर्षी मे महिन्यात छापलेलं पुस्तक जूनमध्येच जुनं. म्हणून दर पेन्सिलीने, तारखेसकट लिहा.

जीडीपीचेही एका वर्षाचे अनेक अंदाज येतात. 2024-25 च्या वाढीचा पहिला आगाऊ अंदाज 6.4 टक्के होता, दुसरा 6.5. पायाभूत वर्षही नोंदवा. मालिका बदलली की जुन्या वर्षांचे आकडेसुद्धा बदलतात. आणि ‘वर्ष’ म्हणजे नेहमी एप्रिल-मार्च नाही : कृषी वर्ष जुलै-जून, साखर हंगाम ऑक्टोबर-सप्टेंबर.

वहीत शंभरच्या वर नोंदी झाल्या तर छाटणी करा. टप्पा 1 मध्ये ‘आ’ किती आले होते ते पाहा, मग कळेल की एवढ्यांची गरज नाही.

टप्पा 7 : योजना, आयोग, समित्या

इथे लोक अडकून पडतात, म्हणून थोडक्यात. पंचवार्षिक योजनांची एक आडवी रेघ काढा, 1951 ते 2017. तिच्यात फटी दाखवा : 1966-69 योजना सुट्टी, 1978-80 सरकती योजना, 1990-92 वार्षिक योजना. प्रश्न बहुधा फटींवर येतो, योजनांवर नाही. दारिद्र्याच्या समित्या क्रमाने : अलघ 1979, लकडावाला 1993, तेंडुलकर 2009, रंगराजन 2014. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 ला 14, 1980 ला 6. रिझर्व्ह बँक स्थापन 1935, राष्ट्रीयीकरण 1949. शेअर बाजाराची नियामक सेबी 1988 ला स्थापन, वैधानिक दर्जा 1992 ला. या जोड-तारखांत नेमकं काय विचारलंय, स्थापना की दर्जा, हे अधोरेखित करूनच खूण करा. एक संध्याकाळ पुरे.

टप्पा 8 : उजळणी कुठे आणि कशी

ट्रान्स हार्बरवर ठाणे ते वाशी अर्ध्या तासाच्या आसपास. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, नकाशाही नाही. या वेळेत फक्त आकड्यांच्या वहीचं एक पान, मोबाइलवर फोटो काढून. नवीन काही वाचायचं नाही. नकाशा अभ्यासिकेत, टेबलावर, हातात पेन्सिल घेऊनच. नुसता पाहिलेला नकाशा दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

अंतर असं ठेवा : एखादा थर केला की दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी कोऱ्या नकाशावर. सराव पेपर आठवड्याला एक, वेळ लावून. चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा : माहीत नव्हतं, गोंधळलो, प्रश्न नीट वाचला नाही. तिसरं कारण पाचांत दोनदा यायला लागलं तर आणखी वाचून उपयोग नाही, पेपर सोडवायचा वेग कमी करा.

टप्पा 9 : परीक्षेच्या खोलीत

आयोगाच्या पेपरात चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर खूण करणं फायद्याचं : सरासरी 0.375 मार्क मिळतात. एकही पर्याय बाद होत नसेल तर ही सरासरी 0.06 वर येते, आणि तेवढ्यासाठी 36 सेकंद घालवू नयेत.

विधानांच्या प्रश्नात आधी ‘अयोग्य विधान ओळखा’ आहे की ‘योग्य’ ते गोल करा. मग सगळ्यात सोपं विधान तपासा, पहिलं नाही. एक विधान ठरलं की दोन पर्याय उडतात. ‘फक्त’, ‘सर्व’, ‘केवळ’ असलेलं विधान संशयाने वाचा, पण तेवढ्यावर चूक ठरवू नका. क्रम लावण्याच्या प्रश्नात दोन टोकं आधी शोधा. घाटांत सर्वांत उत्तरेचा थळ आणि सर्वांत दक्षिणेचा आंबोली मिळाला की मधले बघायची गरज बऱ्याचदा पडत नाही.

सावधान : उत्तरपत्रिकेवरचे गोल शेवटच्या पाच मिनिटांसाठी साठवू नका. दर दहा प्रश्नांनी भरा. एक ओळ सरकली तर पुढची सगळी उत्तरं सरकतात.

टप्पा 10 : पेपर संपल्यावर

प्रश्नपत्रिकेवर तुम्ही काय खूण केली ते बाहेर पडताच पेनाने लिहून ठेवा, संध्याकाळपर्यंत आठवण बदलते. पहिली उत्तरतालिका आली की भूगोल-अर्थशास्त्राच्या वादग्रस्त प्रश्नांवर ऑनलाइन हरकत घेता येते, पण दिलेल्या मुदतीतच. हरकतीला आधार म्हणून क्लासच्या नोट्स जोडू नका. पाठ्यपुस्तक, आर्थिक पाहणी, जनगणनेचा अंतिम तक्ता अशा अधिकृत मजकुराचं पान जोडा आणि वादाची ओळ अधोरेखित करा. एका हरकतीत एकच मुद्दा, दोन-तीन वाक्यांत.